एका हॉकी टीमची निरवानिरव

मी, लीलावती राजाराम रामटेके, वय वर्षे शहात्तर, धर्म बौद्ध, धंदा विडी कारखाना (आता बंद), हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, सिटीवेस्ट, डब्लिन, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर घरात सगळ्यांनी नको नको म्हटले म्हणून लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. शंका असल्यास माझी सून सुनेत्रा हिला विचारावे. सासू जरुरीपेक्षा जास्त शुद्धीवर आहे, असे ती शपथेवर सांगेल.

लिहिण्याचे कारण आधी सांगते. माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला आहे. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलातले सर्जन म्हणाले, आहे तसा राहू दिला तर कदाचित काही होणारही नाही, घरात बसून उरलेले आयुष्य निघून जाईल, पण विमानात बसायचे नाही. डोके उघडून क्लिप लावली तर पुढे विमानात बसता येईल, मात्र या वयात टेबलावरून उठण्याची हमी ते देत नाहीत. माझा मुलगा उपेंद्र लगेच म्हणाला, "आई, मग प्रश्नच कुठे आहे? इथे सगळं ग्रँड आहे ना? कशाला उगाच रिस्क घ्यायची?" मी सर्जनना विचारले, तारीख कधीची देता?

त्यांनी येत्या शुक्रवारची दिली, चौदा ऑक्टोबर. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, पण छप्पन साली त्याच तारखेला आम्ही नागपूरला पांढरे कपडे घालून गेलो होतो आणि बौद्ध होऊन परत आलो होतो. त्या दिवशी घाबरले नाही, तर या शुक्रवारी काय घाबरायचे.

मला कामठीला जायचे आहे. एवढीच गोष्ट आहे. तिथे माझे एक मैदान आहे आणि त्या मैदानावर एक माणूस आहे. दोघांना डोळे भरून पाहायचे आहे. ते जमले नाही तर काय करावे, एवढ्यासाठी पुढची कलमे.

कलम १. माझी एकदाणी आणि पाटल्या सुनेत्रेला द्याव्यात. ती नको म्हणेल. म्हणू द्यावे आणि मग द्याव्यात. या देशात उतरले त्या दिवशी विमानतळावर तिने स्वतःचे लोकरीचे मोजे काढून माझ्या पायांत घातले, ते मी विसरलेले नाही. मिरचीच्या ठेच्याचा वास पडद्यांना लागतो म्हणून झालेली भांडणेही विसरलेली नाही. दोन्ही हिशेबात धरून पाटल्या तिच्याच.

कलम २. माझी नणंद प्रभा हिला एक हॉकी स्टिक द्यावी, जुन्यांपैकी, चिरलेली. माझे पती राजाभाऊ एकसष्ट साली विषमज्वराने गेले तेव्हा माझ्या पदरात दोन वर्षांचा उपेंद्र, एक विडी कारखाना आणि अकरा जणांची हॉकी टीम असा संसार पडला. प्रभा सांत्वनाला आली आणि म्हणाली, "स्टिका चुलीत घाल, वहिनी, चांगला जाळ होईल." तिची तेव्हाची इच्छा अपुरी राहिली आहे. आता तिच्या घरी गॅस आहे, पण तो प्रश्न तिचा.

कलम ३. कारखान्याच्या ओसरीवरचे लंबकाचे घड्याळ मोठ्या टूर्नामेंटच्या तेव्हाच्या चिटणीससाहेबांच्या वारसांना द्यावे. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडे चांगली आहेत. आमच्या अशोकचक्र हॉकी क्लबचा अर्ज दरवर्षी सगळ्यांच्या आधी जात असे आणि दरवर्षी 'उशिरा आला' म्हणून परत येत असे. आमच्या मोहल्ल्याच्या टीमला घेत नाही, असे त्यांनी कधी तोंडाने म्हटले नाही. नुसता उशीर होत असे. घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवते.

कलम ४. पाण्याच्या टाकीविषयी. तिच्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कामठी छावणीतल्या सोल्जरांची हॉकी तारेबाहेरून बघून आमची पोरे शिकली. बाभळीच्या वाकड्या फांद्या घेऊन खेळायची. राजाभाऊंनी त्यांना खऱ्या स्टिका आणून दिल्या आणि कारखान्यामागची पडीक जागा साफ केली. त्यांच्या माघारी टीमची मालकीण मी झाले. आम्हांला कुणाच्या मैदानात घेत नाहीत ना, मग लोकांनीच आमच्या मैदानात यावे, असे मी ठरवले. भोवती तट्ट्यांचे कुंपण घातले. शनिवारी टांग्याला भोंगा बांधून मी स्वतः ओरडत फिरत असे, "या! या! अशोकचक्र विरुद्ध विणकर! आम्ही हरलो तर पुढचा रविवार फुकट!" विधवा बाई भोंग्यात ओरडते म्हणून लोकांनी नाके मुरडली आणि ती मुरडलेली नाके घेऊन सामना बघायला आले.

पुरुषांना प्रवेश एका विडीबंडलाला. रोख कुणाकडे असायची? विड्या मात्र घरोघरी वळल्या जात. बायका-पोरांना मोफत. हा माझा खरा धंदा होता. बाई आली की डबा आला, डबा आला की सगळे घर आले. काही जण ढिल्या वळलेल्या विड्यांचे बंडल खपवायला बघत. मी दारात बोटाने दाबून बघत असे आणि परत पाठवत असे. विणकरांची टीम येई, मिशनची पोरे येत, नागपूरच्या गिरणीतली टीम येई. ढग आले तरी कुणी उठत नसे. आता इथे खिडकीत बसून ओले रस्ते आणि लुआस ट्राम बघताना मला तो गलका ऐकू येतो. खोटे का सांगू, त्याच्यासाठी जीव तुटतो.

बाहेरगावी खेळायला गेलो की आमची पत्र्याची, तोटीची टाकी बरोबर असे. इतर ठिकाणी आम्हांला वरून ओंजळीत पाणी ओतत. माझी पोरे दमून आलेली, घामाने निथळणारी, त्यांनी ओंजळ पसरून का उभे राहावे? म्हणून टाकी. हाफटाइम झाला की अकराही जण आपल्या टाकीकडे येत. हे इतके अंगवळणी पडले की कुणाला सांगावे लागत नसे.

पासष्ट साली त्या मोठ्या टूर्नामेंटची कमिटी बदलली. नव्या अध्यक्षांनी आम्हांला मानाने बोलावले. मैदानाच्या कडेला टेबल मांडले होते, त्यावर पांढरा कपडा, कपड्यावर नवे कोरे स्टीलचे पेले, पाण्याने भरलेले, खास आमच्यासाठी. अध्यक्ष स्वतः हात जोडून उभे. हाफटाइमची शिट्टी झाली आणि माझे वाघ रांगेने त्या टेबलासमोरून निघून गेले, थेट आपल्या टाकीकडे. कुणाच्या मनात काही नव्हते. तहान लागली की पाय तिकडेच वळत, एवढेच. अध्यक्षांचे तोंड एवढेसे झाले. बघणाऱ्यांना वाटले, आम्ही त्यांचे पाणी नाकारले. मी टाकीपाशी उभी, हसू आवरेना आणि डोळ्यांचे पाणीही आवरेना.

एकटा सेंटर हाफ प्रताप मेश्राम अर्ध्या वाटेतून परतला. टेबलाजवळ गेला, एक पेला उचलला, प्याला, दुसरा उचलला, तोही प्याला. मग टाकीपाशी येऊन पुन्हा प्याला. पोरे चिडवायला लागली तर म्हणाला, "त्या माणसानं पेले घासले होते ना जी. मन कायले मोडायचं?"

त्या दिवशी आम्ही जिंकलो. त्यानंतर आमच्या टीमला पुन्हा बोलावणे आले नाही. माझ्या खेळाडूंना मात्र आले, एकेकट्याला. टाकीला आता गंज चढला असेल. ती कुणाला देऊ नये, आहे तिथे राहू द्यावी.

कलम ५. अशोकचक्र हॉकी क्लब, त्याचे नाव, निळा झेंडा आणि सामना घेण्याचा हक्क, हे सगळे मी नात मैत्रेयी हिला देत आहे. क्लब कधी रीतसर बंद केलेला नाही. खेळाडू गेले, क्लब आहे.

ते कसे गेले तेही तिने वाचावे. एका सरकारी खात्याच्या टीमने आमचा लेफ्ट इन घेतला, नोकरी दिली. मग गोलकीपर. मग दोघे भाऊ एकदम. पगार, क्वार्टर, पेन्शन. मी कुणाला अडवले नाही, पेढे वाटले. ज्या दाराबाहेर आमच्या बापजाद्यांना उभे केले त्या दारातून पोरे आत गेली, तर मी रडू कशाला? पण रडले. दार उघडले ते चांगल्या चांगल्यांना एकेक करून आत घेण्यापुरते. बाई, तुमची टीम नेतो आहोत, एवढे तोंडदेखले तरी कुणी येऊन बोलले असते! कुंपणाच्या तट्ट्या आणखी दोन पावसाळे उभ्या होत्या. आत खेळायला कुणी नव्हते.

हे सगळे मी मेधाला सांगितले. मेधा इथल्या मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करते, दर महिन्याला येऊन माझे बोलणे टेप करते आणि माझा चिवडा संपवते. ती म्हणाली, "आजी, सेम गोष्ट अमेरिकेत झाली आहे. काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या बेसबॉलमध्ये घेत नव्हते, तर त्यांच्या लोकांनी स्वतःच्या टीम काढल्या, स्वतःची मैदानं, स्वतःचे सामने. नंतर गोऱ्यांनी बेस्ट प्लेअर्स उचलले आणि या टीम्स बसल्या." मी विचारले, आणि मालकांचे काय झाले? तिने पुष्कळ सांगितले. कुणी सामने भरवताना तिकिटाबरोबर नाच-गाणे ठेवायचा, कुणी टीमच्या बसमध्येच झोपायचा, कारण हॉटेलात घेत नसत. ऐकता ऐकता मला वाटले, ही तर माझीच माणसे. त्यांच्यातला एखादा मालक भेटायला हवा होता. मी त्याला ओसरीवर बसवून चहा दिला असता आणि विचारले असते, पोरे गेल्यावर तुम्ही रविवारी काय करत होतात हो?

मैत्रेयी चौदा वर्षांची आहे. तिला माझे मराठी सगळे समजते, बोलते ती आयरिश वळणाचे इंग्रजी. ती कमोगी खेळते, म्हणजे हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचा मुलींचा प्रकार. रुंद तोंडाची काठी, आणि चेंडू जमिनीवर कमी, हवेत जास्त. पहिल्यांदा बघितले तेव्हा मी म्हटले, ही कसली हॉकी, ही तर मारामारी. आता तिच्या सामन्याला मी कडेला उभी राहते, आणि "अगं पाय बघ तिचे, काठी काय बघतेस!" असे ओरडते. तिथल्या बायकांनी माझे शब्द पाठ केले आहेत. मागच्या महिन्यात एक लाल केसांची आई शेजारून ओरडली, "पाय बघ!" मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मैत्रेयी, टीम तुझी. खेळवलीस तर बरे. नाही खेळवलीस तरी नाव सांभाळ, आणि तुला कुणी 'उशीर झाला' म्हणाले तर खरेच झाला का ते आधी बघ.

कलम ६. मैदान. कारखान्यामागचे मैदान माझ्या एकटीच्या नावावर आहे. मी गेल्यावर ते उपेंद्रचे. मात्र प्रताप मेश्राम जिवंत असेतो त्याला तिथून कुणी हलवू नये. मैदान, कारखान्याची पुढली खोली आणि किल्ली त्याच्याकडे राहील. त्याच्यानंतर उपेंद्रला विकायचे असेल तर विकावे. मी वरून बघत बसणार नाही.

आता हे कलम असे का, ते उपेंद्रने नीट वाचावे.

टीममधून शेवटी गेला तो प्रताप. सहासष्ट साली त्याला जबलपूरला नोकरी मिळाली. निघायच्या आधी तो कारखान्यात आला. मी ओल्या पोत्यातली तेंदूपाने निवडत होते. इतर सगळे मला मालकीणबाई म्हणत, हा लीलाबाई म्हणायचा. उभ्यानेच बोलला, "क्वार्टर भेटलं जी. दोन खोल्या हायेत. मी एकटा का करू तेवढ्याचं? तुम्ही अन् उपेंद्र या."

आमच्यात विधवेला लग्नाची मनाई नव्हती. मला तो आवडत होता. हे मी आज प्रथमच कुठे लिहिते आहे. मी म्हटले, "अन् टीम?"

तो दारातून मैदानाकडे बघून म्हणाला, "टीम आता कुठी हाय, बाई?"

खरे बोलला म्हणून मला राग आला. जा म्हटले. तो गेला. त्याने पुढे लग्न केले, बायको चांगली मिळाली, मुलगी झाली. मी कारखाना चालवला, उपेंद्रला शिकवले. पश्चात्ताप म्हणाल तर नाही. आठवण मात्र रोजची. दोन हजार सहा साली मी पडले, कंबर गेली, आणि उपेंद्रने मला इकडे आणले. पुढच्या वर्षी प्रतापची बायको वारली आणि तो पेन्शनीचे गाठोडे घेऊन कामठीला परतला. कारखान्याला कुलूप, मालकीण आयर्लंडात. आमची चुकामूक ही अशी. मी नणंद प्रभाच्या हातून त्याला किल्ली दिली.

तेव्हापासून तो रविवारी दुपारी फोन करतो. तिकडे तेव्हा संध्याकाळ, सामन्याची वेळ असते. मैत्रेयी फोन उचलते आणि हाक मारते, "आजी, युअर मॅन इज ऑन द फोन." इथे कुणाही माणसाला तसेच म्हणतात, हे मला ठाऊक आहे. प्रताप मैदानाच्या मध्ये उभा राहून मला सगळे सांगतो.

"कोण खेळतंय?"

"पोरं क्रिकेट खेळून राहिली."

"हाकल त्यांना."

"काहून हाकलू? गेट घेऊन राहिलो ना मी."

"गेट? काय घेतोस?"

"मूठभर फुटाणे. पोरींले फुकट. तुमचाच कायदा हाय."

मी हसते आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहते. सुनेत्रा येऊन चहा ठेवून जाते. शहाणी आहे.

मागल्या रविवारी तो म्हणाला, गवत कापून ठेवले आहे. मग म्हणाला, "लीलाबाई, डोळ्यानं कमी दिसते आता. डाक्टर म्हणते, जाईल हळूहळू. या लवकर, म्हंजे पाहून घेतो तुम्हाले." माझ्या डोक्यातल्या फुग्याचे मी त्याला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या कागदावर सही करून दिली.

म्हणून उपेंद्रा, हे ऑपरेशन तुझ्याशी भांडून करत आहे असे मनात आणू नकोस. शुक्रवारी मी गेले, तर तू मला थांबवायला हवे होतेस, असे कुणी म्हणेल. तू थांबवलेस. मी थांबले नाही. हे लेखी देत आहे, कामाला येईल.

कलम ७. मी गेल्यास मला इथेच विद्युतदाहिनीत द्यावे, वंदना म्हणावी, जेवण साधे ठेवावे. राख कामठीला नेऊन मैदानात टाकण्याचा विचार कुणाच्या डोक्यात येईल. टाकू नये. वाऱ्याने पोरांच्या डोळ्यांत जाते. प्रतापला फोन उपेंद्रने स्वतः करावा, रविवारची वाट न बघता. त्याला ऐकायला कमी येते, मोठ्याने सांगावे. सांगून झाल्यावर लगेच ठेवू नये. तो काही बोलला नाही तरी ठेवू नये.

कलम ८. मी न गेल्यास.

सॉलिसिटरबाई म्हणाल्या, "मिसेस रामटेके, विल मेल्यानंतरसाठी असते, जगण्याच्या सूचना यात घालता येत नाहीत." असतील त्यांचे नियम. त्यांना मराठी येत नाही आणि मला दुसरा कागद करायचा नाही. शिवाय जे तोंडाने बोलता येत नाही ते कायद्याच्या भाषेत लिहिता येते, असा माझा अनुभव आहे.

उपेंद्रा, परवा गाडीत तू म्हणालास, "बरी हो, आई, मी स्वतः घेऊन जातो तुला. तीन आठवडे राहू आणि परत येऊ." मी खिडकीबाहेर बघत होते, कारण तुझ्याकडे बघितले असते तर बोलले गेले असते. तुझ्या घरात मला काही कमी पडले नाही. तू गरम खोली दिलीस, नात दिलीस, डॉक्टर दिलेस. मन लागले नाही, त्याला तू काय करणार? तुझा बाप गेला त्या वर्षापासून मी टीमची मालकीण, कारखान्याची मालकीण, तुझी आई आणि आता मैत्रेयीची आजी. यातले काहीच मला जड झाले नाही. पण त्या मैदानाच्या कडेला एका माणसाशेजारी नुसते बसून राहायचे माझे राहून गेले आहे, आणि त्याला दिसते आहे तोवर मला बसायचे आहे.

मी टेबलावरून उठले आणि सर्जननी विमानात बसू दिले, तर माझे तिकीट फक्त जाण्याचे काढ.

(सही) लीलावती राजाराम रामटेके

साक्षीदारांचे निवेदन: आम्ही खाली सही करणारे दोघेही या मृत्युपत्राचे लाभार्थी नाही. (साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे कळल्यावर आजींनी चकलीचा सोऱ्या मेधाला आजच हातात दिला, तो यात धरू नये.) आजींनी सगळा मजकूर स्वतः मोठ्याने वाचून आमच्या दोघांच्या समक्ष सही केली. वाचन चालू असताना त्यांचे चिरंजीव उपेंद्र दारात येऊन उभे राहिले. शेवटचे कलम त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितले. आजींनी पुन्हा वाचले. चिरंजीवांनी हरकत घेतली नाही.

साक्षीदार:
१) मेधा वासनिक, मेनूथ (सही)
२) आशिष ढोके, शेजारी, सिटीवेस्ट (सही)

स्थळ: सिटीवेस्ट, डब्लिन
दिनांक: ९ ऑक्टोबर २०११, रविवार